जेम्स वाँग हाऊ: हॉलिवूडच्या एका कॅमेरामनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने कृष्णधवल हॉलिवूडपट आवडीने बघणाऱ्या मंडळींत जेम्स वाँग हाऊ यांचं नाव निघालं की ठरावीक शंका निघतातच. दिग्दर्शकांबद्दल पुष्कळ वाचलेल्यांनाही कॅमेऱ्यामागचा माणूस फारसा ठाऊक नसतो. इतक्या वर्षांत कानावर आलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत. जिथे सांगण्यासारखं होतं तिथे हात आखडलेला नाही.

जेम्स वाँग हाऊ म्हणजे नेमके कोण?

हॉलिवूडचे छायालेखक, म्हणजे आपल्या बोलीत कॅमेरामन. मूकपटांच्या काळात सेटवर पाटी धरण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९७५च्या रंगीत संगीतपटापर्यंत काम केलं. त्यांच्या चित्रपटांची संख्या १३०च्या वर जाते. ऑस्करची १० नामांकनं मिळाली, त्यांतली २ पदरात पडली.

पण आकड्यांनी हा माणूस कळत नाही. त्यांचं काम बघताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते: पडद्यावर उजेड आहे तर तो कुठून तरी यायला हवा, हा त्यांचा आग्रह. खिडकी, कंदील, रस्त्यावरचा दिवा, काडेपेटीची काडी, काहीही चालेल, पण उजेडाला कारण हवं. नटीचा चेहरा सुंदर दिसावा म्हणून अंधाऱ्या खोलीत कुठूनही लख्ख प्रकाश पाडायची जी रीत तेव्हा सर्रास होती, ती त्यांना मनापासून नकोशी वाटे. खाली जे काही लिहिलं आहे ते फिरून फिरून इथेच येतं.

नाव चिनी आहे की इंग्रजी?

दोन्ही, आणि तेही उलटसुलट. जन्म २८ ऑगस्ट १८९९चा, चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या ताइशान भागातला. घरचं नाव वाँग तुंग जिम, त्यात वाँग हे आडनाव. वडिलांचं नाव वाँग हाऊ. अमेरिकेतल्या शाळेत मुलाला जेम्स हे नाव मिळालं आणि वडिलांचं अख्खं नाव त्याच्या मागे लागलं. सुरुवातीच्या बऱ्याच चित्रपटांत नुसतं 'जेम्स हाऊ' असं दिसतं. मधला 'वाँग' पडद्यावर कायमचा आला तो १९३०च्या दशकात. सेटवर मात्र सगळे 'जिमी'च म्हणत.

जाता जाता एक योगायोग. १८९९ सालीच सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना कॅमेऱ्यात टिपला होता. हाऊ यांचं सगळ्यांत गाजलेलं दृश्यही आखाड्यातलंच आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

अमेरिकेत कसे पोहोचले?

वडील नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या कामावर गेले होते. १९०४ साली कुटुंब वॉशिंग्टन राज्यातल्या पास्को या छोट्या रेल्वे-गावात आलं. वडिलांनी तिथे किराणा-भुसारासारखं सगळं काही मिळणारं दुकान थाटलं. गावात चिनी कुटुंब हेच. मुलांची चेष्टा, मारामाऱ्या, सगळं वाट्याला आलं.

कॅमेऱ्याशी पहिली गाठ कुठे पडली?

गावातल्याच औषधांच्या दुकानात. अमेरिकेत तेव्हा औषधांच्या दुकानात कॅमेरेही विकायला असत. तिथून त्यांनी कोडॅकचा 'ब्राउनी' घेतला. ब्राउनी म्हणजे पुठ्ठ्याचा डबा, पुढे एक साधं भिंग. या डब्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे फोटोत काय येणार ते दाखवणारी काच, नव्हता. त्यामुळे भावंडांचे फोटो काढले ते मुंडकी कापलेले आले, अशी आठवण ते पुढे सांगत.

ते आधी मुष्टियोद्धे होते, हे खरं का?

खरं आहे. १९१४ साली वडील गेले, मग हा मुलगा ओरेगनमध्ये नातेवाइकांकडे राहिला आणि काही काळ बँटमवेट या हलक्या वजनाच्या गटात लढला. बांधा लहानखुरा, पण हात चलाख. त्यानंतर विमान चालवायला शिकायचं वेड डोक्यात शिरलं. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन पोहोचले, पण खिशातले पैसे संपले आणि लॉस एंजेलिसमध्ये पडेल ते काम करायची वेळ आली. छायाचित्रकाराकडे सामान पोहोचवणारा पोऱ्या, हॉटेलात टेबलं आवरणारा पोऱ्या, असं सगळं करून झालं.

मग सिनेमात शिरकाव कसा झाला?

रस्त्यावर चाललेलं चित्रीकरण बघता बघता. चायनाटाऊनमध्ये एका विनोदी चित्रपटाचं काम चाललं होतं, तिथे मुष्टियुद्धाच्या दिवसांतला एक ओळखीचा भेटला. ही मंडळी काय करतात ते बघून त्यांनी थेट अॅल्विन वायकॉफ या नामवंत कॅमेरामनना गाठलं. वायकॉफ तेव्हा फेमस प्लेअर्स-लास्की कंपनीत होते. मिळालेलं काम कॅमेऱ्याचं नव्हतं. कॅमेरा-खोलीची झाडलोट आणि जमिनीवर पडलेले फिल्मचे तुकडे गोळा करणं. हे तुकडे नायट्रेटचे, ठिणगी पडली तर भडका उडायचा, म्हणून ते वेचणं फार गरजेचं.

तिथून १९१७च्या सुमाराला दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल यांच्या सेटवर पाटी धरायची संधी आली. मूकपटांच्या काळात 'क्लॅप' नव्हता, कारण जुळवायला आवाजच नव्हता. नुसती आकडा लिहिलेली पाटी कॅमेऱ्यापुढे धरायची. लहानखुरा चिनी पोरगा, तोंडात भलीमोठी सिगार आणि हातात पाटी, हे ध्यान डिमिलना आवडलं आणि त्यांनी त्याला जवळ ठेवला.

काळ्या मखमलीची गोष्ट काय आहे?

या गोष्टीवर हाऊ यांचं नशीब फिरलं आणि तिच्यात खरी विद्या आहे, म्हणून जरा सविस्तर.

तेव्हाची फिल्म 'ऑर्थोक्रोमॅटिक' होती. तिला निळा आणि हिरवा रंग दिसे, लाल दिसत नसे. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा चाले तो यामुळेच. आपल्या पणजीचा त्या काळातला फोटो घरात असेल तर काढून बघा. कपाळावरचं कुंकू काळं कुळकुळीत दिसेल. लाल रंग फिल्मवर उमटलाच नाही, म्हणून ती जागा काळी राहिली.

निळ्याचं याच्या उलट. निळा रंग फिल्मला इतका जास्त दिसे की तो जवळजवळ पांढरा व्हायचा. आकाश कोरं, आणि निळ्या डोळ्यांची नटी असली तर तिची बुबुळं गायब. पडद्यावर ती आंधळी वाटायची. हॉलिवूडमध्ये निळ्या डोळ्यांच्या नट्यांना काय तोटा?

हाऊ त्या दिवसांत वरकमाई म्हणून नटनट्यांचे फोटो काढत. मेरी माइल्स मिंटर ही तेव्हाची मोठी तारका. तिचे फोटो तिने पाहिले आणि थक्क झाली, कारण तिचे फिकट निळे डोळे त्यांत गडद आले होते. मला सिनेमातही असं दाखवता येईल का, असं तिने विचारलं. हाऊ हो म्हणून बसले, पण हे घडलं कसं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं! परत जाऊन जागेची पाहणी केली तेव्हा उलगडा झाला. फोटोच्या वेळी ती एका काळ्या पृष्ठभागाकडे बघत होती आणि त्याचं प्रतिबिंब तिच्या डोळ्यांत पडलं होतं. मग त्यांनी चौकटीवर काळी मखमल ताणली, मधोमध भिंगापुरतं भोक ठेवलं आणि ती कॅमेऱ्याभोवती लावली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं की डोळ्यांत मखमलीचा काळोख उतरायचा.

१९२३ साली आलेल्या 'ड्रम्स ऑफ फेट'वर ते पहिल्यांदा मुख्य कॅमेरामन म्हणून लागले. गावभर बोभाटा झाला की मेरीने पूर्वेकडून एक जादूगार आणवलाय, तो काळ्या पडद्याआड लपून चित्रण करतो. निळ्या डोळ्यांच्या नट्यांची रांग लागली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की आधी अपघात झाला आणि मग हा माणूस त्या अपघाताचं कारण शोधत परत गेला. दुसरा कुणी नशिबाचे आभार मानून पुढच्या कामाला लागला असता.

स्टुडिओच्या जमान्यात कॅमेरामन नेमकं काय करत असे? कॅमेरा तोच चालवायचा का?

बहुतेक वेळा नाही. कॅमेरा चालवायला ऑपरेटर असे, फोकस सांभाळायला साहाय्यक असे. मुख्य कॅमेरामनचं काम उजेड-अंधार ठरवण्याचं. दिवा कुठे टांगायचा, कोणत्या दिव्यापुढे जाळी धरायची, किती उजेड चेहऱ्यावर आणि किती भिंतीवर. शिवाय घड्याळ. लायटिंगला तास जास्त लागला तर पगारी शंभर माणसं बसून राहतात. हाऊ यांची ख्याती अशी की पाहिजे ते मिळेपर्यंत सोडायचे नाहीत, आणि तरी कमी दिव्यांत काम उरकायचे.

प्रत्येक स्टुडिओचं वळण वेगळं होतं. एमजीएमला सगळं चकचकीत, उजळ हवं. वॉर्नर ब्रदर्सला अंधार चालायचा. हाऊ दोन्हीकडे राहिले. एमजीएममध्ये 'द थिन मॅन' (१९३४) केला, दोन-अडीच आठवड्यांत संपवलेला, आणि तरी त्यातल्या सावल्या बघत राहाव्यात अशा. त्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाबरोबर 'मॅनहॅटन मेलोड्रामा'. जॉन डिलिंजर हा कुप्रसिद्ध दरोडेखोर शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमधून जो चित्रपट बघून बाहेर पडला आणि केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडला, तो हाच.

बोलपट आल्यावर त्यांचं काम सुटलं, ते का?

१९२८मध्ये ते चीनला गेले होते. स्वतः दिग्दर्शित करायच्या एका चित्रपटासाठी तिथली दृश्यं टिपली. तो चित्रपट काही झाला नाही. परतले तर हॉलिवूडमध्ये सगळेच बोलू लागले होते. निर्मात्यांना 'आवाजाचा अनुभव आहे' असा माणूस हवा होता आणि हाऊ यांच्याकडे तो नव्हता. कामं मिळेनात. मग स्वतःचे पैसे घालून त्यांनी जपानी भाषेतला एक चित्रपट केला. तो पडला.

त्यातून बाहेर काढलं 'ट्रान्सअटलांटिक'ने.

'सिटिझन केन'च्या १० वर्षं आधी हाऊ यांनी डीप फोकस वापरला होता का?

हो, पण 'सगळ्यांत आधी' असं म्हणू नये. डीप फोकस म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणं; ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' (१९४१) त्यासाठी गाजला.

'ट्रान्सअटलांटिक' (१९३१) ही सागरी प्रवासाच्या जहाजावर घडणारी कथा. जहाजात खोल्या बुटक्या, वाटा अरुंद. तो कोंडलेपणा दिसावा म्हणून हाऊ यांनी वाइड अँगल भिंगं लावली, सेटला छतं घालून घेतली आणि जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट राहील असं चित्रण केलं. त्या काळी सेटला छत नसायचंच, कारण दिवे वरून टांगलेले असत. छत घातलं की दिवे लपवायचे कुठे, हा प्रश्न. त्यांनी ते जहाजाच्या रचनेतच दडवले. पुढे १९३३ साली त्याच दिग्दर्शकाबरोबर, विल्यम के. हॉवर्ड यांच्याबरोबर, त्यांनी 'द पॉवर अँड द ग्लोरी' केला. एका बड्या माणसाचं आयुष्य त्याच्या मृत्यूनंतर, मागेपुढे उड्या मारत सांगितलेलं. 'केन'शी त्याची तुलना नेहमी होते.

तरी 'केन'चे कॅमेरामन ग्रेग टोलंड यांचं श्रेय यामुळे कमी होत नाही. गंमत अशी की मूकपटांत खोलवर स्पष्ट दिसणं ही नेहमीची बाब होती. आर्क दिव्यांचा झगझगीत उजेड असे, त्यामुळे भिंगाचं छिद्र बारीक करता येई, आणि छिद्र जितकं बारीक तितकी दूरवरची वस्तू स्पष्ट. आवाज आला तेव्हा गुणगुणणारे आर्क दिवे बाजूला पडले, मंद दिवे आले, छिद्र मोठं करावं लागलं आणि मागचं सगळं धूसर झालं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जास्त वेगाची, म्हणजे कमी उजेडातही चित्र उमटवणारी फिल्म मिळू लागली तशी ती खोली परत आली. टोलंड यांनी तिचा वापर कथेचा कणा म्हणून केला. हाऊ यांनी ती एका जहाजाची गरज म्हणून, साधनं प्रतिकूल असतानाच मिळवली. पहिला कोण, हा वाद घालण्यात मला रस नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा, त्यात जास्त हाती लागतं.

'लो-की हाऊ' हे टोपणनाव कशावरून?

मुख्य दिव्याला 'की लाइट' म्हणतात. तो मंद ठेवून सावल्यांना जास्त जागा दिली की ते 'लो-की' लायटिंग. हाऊ त्यात वाकबगार म्हणून हे नाव. पण 'पिकनिक' (१९५५) बघा: रंगीत, रुंद पडदा, उन्हाने भरलेली कॅन्ससमधली सुट्टी, आणि संध्याकाळी कागदी कंदिलांच्या उजेडातलं ते नृत्य. टोपणनाव अपुरं आहे हे लगेच कळतं.

रोलर स्केट्सवर उभं राहून चित्रीकरण केलं, ही दंतकथा ना?

दंतकथा नाही. 'बॉडी अँड सोल' (१९४७), जॉन गारफिल्ड मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेत.

त्याआधी मुष्टियुद्धाची लढत बहुधा रिंगबाहेरून दिसायची, प्रेक्षकाच्या खुर्चीतून दिसावी तशी. कॅमेरा जड, त्याला ट्रॉली लागायची, ट्रॉली रिंगमध्ये नेणार कशी? हाऊ यांनी हातात धरायचा छोटा कॅमेरा घेतला, पायात स्केट्स चढवले, आणि साहाय्यकाने त्यांना मागून ढकलत दोघा खेळाडूंभोवती फिरवलं. चित्र हलतं, मध्येच कुणाचा तरी खांदा आडवा येतो, क्षणभर फोकसही सुटतो. स्टुडिओच्या शिस्तीत हे सगळे दोष. इथे मात्र ठोसा खाणाऱ्याला जग जसं दिसतं तसंच आपल्याला दिसू लागतं.

इथे ओरेगनमधला तो बँटमवेट पोरगा कामाला आला, याबद्दल मला शंका नाही. ठोसा लागल्यावर डोळ्यांपुढे काय होतं हे माहीत असलेला दुसरा कॅमेरामन हॉलिवूडमध्ये शोधूनही सापडला नसता.

चिनी असल्यामुळे त्यांना काय भोगावं लागलं?

हे विचारणाऱ्यांना बहुधा एखाद-दुसरा किस्सा अपेक्षित असतो. प्रत्यक्षात सगळा कायदाच त्यांच्या विरुद्ध होता.

१८८२चा चिनी-बंदी कायदा १९४३ साली रद्द झाला. तोवर चीनमध्ये जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळायची सोयच नव्हती, तो पाचव्या वर्षापासून तिथे राहत असला तरी. आता हे बघा: 'यँकी डूडल डँडी' (१९४२) हा अमेरिकी देशभक्तीचा झेंडा फडकवणारा संगीतपट. १९४१च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्याच दिवसांत त्याचं चित्रीकरण चाललं होतं. कॅमेरामन जेम्स वाँग हाऊ. पडद्यावर झेंड्यांचा तो महापूर त्यांनी उभा केला, आणि त्या देशाचं नागरिक व्हायचा हक्क त्यांना नव्हता.

जपान्यांविरुद्ध संताप उसळला तेव्हा रस्त्यावर कुणी जपानी समजू नये म्हणून ते 'मी चिनी आहे' असा बिल्ला लावत. त्या चित्रपटाचा नायक जेम्स कॅग्नी यानेही मित्राच्या सोबतीसाठी तसाच बिल्ला लावल्याचं सांगतात. हे वाचताना मला कॅग्नीबद्दल फार जिव्हाळा वाटतो.

लग्नाची काय हकीकत आहे?

सनोरा बॅब ही लेखिका, गोरी. दोघांनी १९३७ साली पॅरिसमध्ये लग्न केलं. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि आशियाई व्यक्तींच्या विवाहाला कायद्याने बंदी होती, त्यामुळे घरी परतल्यावर ते लग्न लग्नच नव्हतं. त्यातून स्टुडिओच्या करारात चारित्र्याचं कलम. लग्न उघड केलं तर नोकरी जायची. म्हणून दोघं एकाच इमारतीत वेगवेगळ्या बिऱ्हाडांत राहिली.

१९४८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'पेरेझ विरुद्ध शार्प' या खटल्यात ती बंदी मोडीत काढली. १९४९ मध्ये दोघांनी पुन्हा, या वेळी कायद्याने, लग्न केलं. लग्न लावून द्यायला तयार होणारा न्यायाधीश शोधण्यातच तीन दिवस गेले.

सनोराबाईंचीही वेगळी कथा आहे. धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांवर त्यांनी कादंबरी लिहिली. त्याच विषयावर जॉन स्टाइनबेक यांची कादंबरी १९३९ साली आली आणि प्रकाशकाने यांची बाजूला ठेवली. ती छापून आली २००४मध्ये. कम्युनिस्टांची धरपकड आणि चौकशा सुरू झाल्या तेव्हा आपल्या डाव्या विचारांचा फटका नवऱ्याच्या कामाला बसू नये म्हणून त्या काही काळ मेक्सिको सिटीत जाऊन राहिल्या. पॅरिसमध्ये लग्न, घरी दोन बिऱ्हाडं, मग दोन देश. तरीही हा संसार हाऊ यांच्या अखेरपर्यंत टिकला.

ऑस्कर कोणत्या चित्रपटांना मिळाले?

'द रोझ टॅटू' (१९५५) आणि 'हड' (१९६३). दोन्ही कृष्णधवल. तेव्हा कृष्णधवल आणि रंगीत चित्रणाला वेगवेगळे पुरस्कार असत. बाकीची नामांकनं: 'अल्जियर्स', 'एब लिंकन इन इलिनॉय', 'किंग्ज रो', 'एअर फोर्स', 'द नॉर्थ स्टार', 'दि ओल्ड मॅन अँड द सी', 'सेकंड्स' आणि 'फनी लेडी'.

यादीत 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' कसा नाही?

कारण १९५७ साली तो प्रेक्षकांना आवडला नाही. नामांकन सोडा, गल्लाही भरला नाही. माझ्या मते हाऊ यांचं सर्वांत मोठं काम हेच.

रात्रीचं न्यूयॉर्क. टाइम्स स्क्वेअरच्या आसपास खऱ्या रस्त्यांवर चित्रण, ओले रस्ते, निऑनची अक्षरं. लांब पल्ल्याच्या भिंगामुळे मागच्या इमारती माणसांच्या अंगावर कलल्यासारख्या दिसतात. आतली दृश्यं सेटवरची, आणि तिथे हाऊ यांनी भिंतींना तेल चोपडून घेतलं, म्हणजे त्या तुकतुकीत दिसाव्यात. एरवी कॅमेरामन भिंतीवरची चमक मारायला धडपडतो. यांना शहरच निसरडं दाखवायचं होतं.

आणि बर्ट लँकेस्टरचा तो चेहरा. वृत्तपत्रात स्तंभ लिहिणारा, एका ओळीने माणूस उठवणारा-बुडवणारा माणूस. त्याला जाड चौकटीचा चश्मा दिला आणि दिवा डोक्यावर घेतला. चौकटीची सावली गालांवर पडते, डोळे खोबणीत जातात, चेहऱ्याची कवटी होते. हॉटेलात टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दिवा असतोच, म्हणजे उजेडाला कारण आहे. भीती आपोआप येते.

'हड'मध्ये एवढं काय विशेष? त्यात तर काहीच 'केलेलं' दिसत नाही.

हेच विशेष. टेक्सासमधलं क्लॉड नावाचं गाव, सपाट माळ, पॉल न्यूमन आणि वर आकाश. वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, म्हटलं की फिल्टर लावून आकाश गडद करायचं आणि पांढरे ढग उठवायचे, अशी प्रथा. निसर्ग भव्य दिसतो. हाऊ यांनी उलट केलं, ढग पुसून आकाश कोरं ठेवलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात भर दुपारी वर बघितलं की जसं पांढरं रखरखीत दिसतं, तसं. गुरांवर रोग आलाय, बाप-लेकांत ओलावा उरलेला नाही, आणि डोक्यावर दिलासा देणारं काही नाही. 'हड'ला मिळालेल्या तीन ऑस्करांपैकी एक या कोऱ्या आकाशाचं आहे असं मी समजतो.

रंगीत चित्रणात ते तितकेच चांगले होते का?

पहिला रंगीत चित्रपट 'दि अॅडव्हेंचर्स ऑफ टॉम सॉयर' (१९३८). रंगीत चित्रणाचं तंत्र पुरवणारी टेक्निकलर कंपनी तेव्हा आपले सल्लागार सेटवर बसवी आणि भडक, भरपूर उजेडातले रंग हा त्यांचा नियम. हाऊ यांना खेड्यातल्या गरीब मुलाच्या घरात विटके, मातकट रंग हवे होते. खटके उडाले. 'द मॉली मॅग्वायर्स' (१९७०) मधल्या पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणी बघितल्या की वाटतं, हेच त्यांना तेव्हा करायचं होतं. दिवट्यांचा उजेड, बाकी काळं.

'सेकंड्स' बघताना गरगरायला होतं. हे मुद्दाम?

अगदी मुद्दाम. ९.७ मिलिमीटरचं, कडा वाकवून दाखवणारं फिश-आय भिंग, नटाच्या अंगाला बांधलेला कॅमेरा, हातातला कॅमेरा. १९६६चा चित्रपट, आणि कॅमेरामनचं वय ६६च्या पुढे! नवा चेहरा विकत घेतलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, त्याचं जग वाकडं दिसणारच.

त्यांनी दिग्दर्शन केलं का?

थोडं. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघावरचा 'गो, मॅन, गो!' (१९५४) त्यांच्या नावावर आहे. त्यात तरुण सिडनी पॉइटिए दिसतात. दिग्दर्शक म्हणून त्यांचा जम बसला नाही.

त्यांचं चिनी खाणावळीसारखं काही होतं म्हणे?

सॅन फर्नांडो व्हॅलीत 'चिंग हाऊ' नावाचं रेस्तराँ होतं. एक किस्सा प्रसिद्ध आहे: वृत्तपत्राचा छायाचित्रकार रेस्तराँचा फोटो घेताना मागे सरकत सरकत भर रहदारीत चालला होता. मालकाने वाइड अँगल भिंग लावायचं सुचवलं, तर त्याने सुनावलं की तुम्ही आपल्या नूडल्सचं बघा.

अखेरचा चित्रपट कोणता?

'फनी लेडी' (१९७५), नायिका बार्बरा स्ट्रायसँड. तब्येत ढासळली होती, पाच वर्षं काम बंद होतं, तरी आले. त्यावर दहावं नामांकन मिळालं. १२ जुलै १९७६ रोजी ते गेले.

पहिल्यांदा बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस', मग 'हड', मग 'बॉडी अँड सोल'. मूकपटांची सवय असेल तर क्लारा बोचा 'मँट्रॅप' (१९२६) जरूर. 'सेकंड्स' शेवटी आणि रात्री एकट्याने बघू नका.

बघताना लक्ष कुठे द्यावं? आम्हाला यातलं तंत्र कळत नाही.

तंत्र कळायची गरज नाही. खोलीतले दिवे घालवा. मोबाइलवर बघू नका, काळ्यातले बारकावे त्यात मरतात. चित्रपट एकदा सरळ बघून घ्या. दुसऱ्यांदा एखादंच दृश्य निवडा, आवाज बंद करा आणि चेहऱ्याकडे न बघता नाकाच्या सावलीकडे बघा. सावली ज्या बाजूला पडली तिच्या समोरच्या बाजूला दिवा आहे. आता त्या बाजूला कथेतली खिडकी, कंदील किंवा दार दिसतंय का ते शोधा. 'स्वीट स्मेल'मधल्या रेस्तराँच्या टेबलापासून सुरुवात करा. तिथे उत्तर डोक्यावरच सापडेल.